गोविंदाचं डोकं कोणाचं

आवडाबाई: मी काय बोलतंय डागतर, त्याचे डोक्याला हात लावनार ती मीच. सून नाय.

डॉक्टर: आवडाबाई, तुमच्या गोविंदाच्या डोक्याला सध्या माझ्याखेरीज कोणीच हात लावायचा नाही. चौदा टाके घातलेत मी.

आवडाबाई: चवदा! एवरे टाके तर माजे गोधरीला नाय.

डॉक्टर: आणि हळू बोला. मधे नुसता पडदा आहे. परवा सकाळी आणला, तेव्हापासून आज कुठं जरा चुळबुळ करायला लागलाय.

आवडाबाई: चुलबुल करताना काय बोलला? कोनाचा नाव घेतला?

डॉक्टर: नाव कोणाचंच नाही. कण्हत होता.

आवडाबाई: कन्हत नसंल. 'आये' बोलत असंल. तुमी शिकलेली मानसं, तुमाला ते कन्हल्यासारका वाटतंय. तीन म्हयन्यांचा व्हता तवा पन त्याचा बापूस बोलायचा, पोर रडतंय. मी बोलायची, रडत नाय, मना हाक मारतंय.

डॉक्टर: बरं, 'आये' म्हणाला असेल.

आवडाबाई: मग लिवून ठेवा तसा तुमचे कागदावर. ती आली की दाखवा तिला.

डॉक्टर: यात नाडी आणि ताप लिहितात, आवडाबाई. सूनबाई आहेत कुठं?

आवडाबाई: काल दुपारचे गारीनं मानपाड्याला गेली. तुमीच बोलला ना, घरचे तांदलाची पेज द्या म्हनून? आता ती कनगीतून भात काढनार, कांडनार, पेज शिजवनार नि आननार. पाजनार मात्र मी, आताच सांगून ठेवतंय. ...अरे माज्या देवा.

डॉक्टर: काय झालं?

आवडाबाई: कनगीतून काढनार ती भात!

डॉक्टर: मग दुसऱ्या कशातून काढतात?

आवडाबाई: नाय, बराबर हाय. कनगीतूनच काढतान. माजे ध्यानात नाय आला, जाताना.

डॉक्टर: मला तुम्हांला एक विचारायचंच होतं. तो नाथा गाडीवान, ज्यानं गोविंदाला गवताच्या गाडीत घालून कळव्याच्या पुलावरून इथं नौपाड्यात आणलं, तो सांगत होता की गोविंदा फटफटीवर कधी उघड्या डोक्यानं दिसत नाही. रोज हेल्मेट असतं. नेमकं परवाच नव्हतं.

आवडाबाई: काय असतं?

डॉक्टर: हेल्मेट हो, तो टोप. लष्करात निरोप पोचवणारे शिपाई फटफटीवर घालायचे तसला. वरून कडक, आतून गादी, कानांवर चामड्याच्या पाळ्या, हनुवटीखाली पट्टा.

आवडाबाई: हां, ते पातेला.

डॉक्टर: पातेलं?

आवडाबाई: तर काय! माजे गोविंदाचा पयला दिवालसन व्हता. लोकांचे सासरे जावयाला आंगठी देतान, घड्याल देतान, काय नाय तर धोतराचा पान तरी देतान. आनि आमचा व्याही रघू, त्यानं पाटावर काय ठेवला? पातेला! युद्धाचे टायमाला तो कल्यानचे क्यांपात गोऱ्यांचे बटाटे सोलायचा. गोरे गेले, क्यांपात सिंधी आले, नि ह्याचे वाट्याला ते पातेला आला. त्याला चार आने पन परले नसतील. आमची शेजारीन हौसाबाय बघायला आली, तिनं विचारला, आवडे, ह्यात किती शेर डाल शिजंल गो? मी लाजंनं अर्धी झाली.

डॉक्टर: आणि गोविंदानं काय केलं?

आवडाबाई: डोक्यावर घातला नि हसला! तवापासून उठला की पातेला पुसतो. आनि ती रोज सकाली दारात उभी राहून त्याचे हनवटीखाली पट्टा बांधते. सगले गावाचे देखत! मी तांब्या घेऊन बाजूला उभी. सताविस वरसं माजे हातचा पानी पिऊन घराबाहेर परायचा तो. आता पट्टा एकदा आवलला की तोंडच उघरत नाय त्याचा.

डॉक्टर: म्हणजे पट्टा घट्ट बांधतात. हुशार मुलगी आहे. पट्टा सैल असला तर पहिल्या धक्क्याला हेल्मेट उडून जातं आणि डोकं मागे राहतं.

आवडाबाई: तुमी पन तिचेच बाजूनं.

डॉक्टर: मी कवटीच्या बाजूनं आहे. आता ऐका. रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीतलं मीठ सांडलं होतं. त्याला पाणी सुटलं, चाक घसरलं. फटफटी राहिली एकीकडे आणि हा उडाला तो थेट मैलाच्या दगडावर. डाव्या कानाच्या वर लागलंय. ते तुमचं पातेलं डोक्यावर असतं ना, तर पातेल्याला पोचा आला असता, आणि गोविंदा कपडे झटकून तसाच मिठागरावर कामाला गेला असता.

आवडाबाई: ...खरा बोलता?

डॉक्टर: खोटं बोलून मला काय मिळणार? हातांची सालं निघाली असती, कारण हातमोजे नव्हते. कोपरं सोलवटली असती, कारण अंगात जाड कोट नव्हता. डोळ्यांना चष्मा नव्हता. बरा झाला की हे सगळं त्याला घ्यायला लावणार आहे मी.

आवडाबाई: डोक्याला लोखंड, हाताला मोजं, अंगात कोट, डोळ्याला भिंगं. पोर हाय का कासव?

डॉक्टर: कासव कधी माझ्याकडे टाके घालायला आलं नाही. कातडी परत येते, आवडाबाई. डाव्या कानाचं मात्र मी आज काही सांगू शकत नाही. मघाशी त्या बाजूनं चुटकी वाजवली, त्यानं मान फिरवली नाही.

आवडाबाई: आनि फेटा असता तर?

डॉक्टर: कसला फेटा?

आवडाबाई: त्याचे बापसाचा. तांबडा. चवदा हाताचा हाय, मी पेटीत कापूर घालून ठेवलाय. तुमाला सांगतंय, एकदा गोविंदाचा बापूस वाडीत नारलीखाली झोपलेला, डोक्याला तो फेटा. वरून नारल परला, बराबर टालूवर. नारल फुटला डागतर! सरल दोन वाट्या! हे उठून बसले, पानी प्यायले, खोबरा खाल्ला, नि घरात येऊन मना विचारतान, गूल हाय का थोडा?

डॉक्टर: फेट्यावर नारळ फुटला.

आवडाबाई: मी बांधलेला फेटा व्हता तो. दुसऱ्या कोनी बांधला असता तर नसता फुटला.

डॉक्टर: असेल बुवा. काहीच नसण्यापेक्षा फेटा बरा. चांगला जाड असता तर थोडा मार तरी वाचला असता. पण परवा त्याच्या डोक्याला फेटाही नव्हता.

आवडाबाई: ठाऊक हाय मना.

डॉक्टर: तुम्हांला कसं ठाऊक? तुम्ही इथं पोचलात तेव्हा माझं बँडेज बांधून झालं होतं.

आवडाबाई: ...त्याला एकट्याला फेटा बांधता येतच नाय. म्हनून ठाऊक.

तुळसा: येऊ का डॉक्टरसाहेब? पेज आणलेय.

डॉक्टर: या, या, तुळसाबाई. तुमचीच चौकशी चालली होती. हे दुसरं गाठोडं कसलं?

तुळसा: ते कसे आहेत आधी सांगा.

डॉक्टर: ताप उतरलाय. जखम स्वच्छ आहे.

तुळसा: कोणाचं नाव घेतलं का?

डॉक्टर: तुम्ही दोघी एकाच शाळेत होता का हो?

आवडाबाई: माजा घेतला.

तुळसा: बरं झालं, आत्या.

आवडाबाई: बघा! 'बरं झालं' बोलते. भांडायला पन जागा ठेवत नाय ही बाय. वरीस झाला, असाच चाललाय.

डॉक्टर: ते गाठोडं, तुळसाबाई. टेबलावर ठेवा, जड दिसतंय.

तुळसा: टोप आहे ह्यांचा. गावला.

डॉक्टर: वा, बघू. अहो, भक्कम आहे की हा! आतली गादी शाबूत, पट्टा नवा घातलाय. कोणी, तुम्हीच शिवलात? छान. या पाळीवर बोटाएवढा जुना ओरखडा आहे तेवढाच.

तुळसा: तो गोऱ्याच्या वेळचा. माझ्या बाबांनी डोळ्यांनी बघितलेलं. तो गोरा कल्याणच्या कँपात रोज टपाल घेऊन यायचा. एकदा फाटकाशी लष्करी ट्रकला धडकला नि आचाऱ्याच्या तंबूवरून पलीकडं उडाला. खाली बटाट्यांची रास होती, तिच्यात डोकं खाली पाय वर. सगळे धावले. बाबांनी पाय धरून उपटला, तर हसत होता. पहिलं काय विचारलं माहितीये? टपाल भिजलं नाय ना?

आवडाबाई: बटाट्यात परला म्हनून वाचला. टोपाचा काय त्यात?

तुळसा: बटाटे उकडलेले नव्हते, आत्या.

आवडाबाई: आमचे यांचे डोक्यावर नारल फुटला व्हता!

तुळसा: हो, माहीत आहे. माझं लग्न झालं तेव्हा नारळाला नुसती चीर गेलेली. दिवाळीपर्यंत दोन वाट्या झाल्या.

डॉक्टर: एक मिनिट. हा टोप गळतोय. माझ्या टेबलावर हे काय सांडतंय? भात? शिवणीत भात, पाळीत भात. होता कुठं हा?

तुळसा: घरातच होता.

डॉक्टर: घरात कुठं?

तुळसा: कणगीत. पार तळाला. वरून दीड मण भात.

आवडाबाई: उंदीर!

डॉक्टर: काय?

आवडाबाई: उंदरांनी नेला असंल. तुमी ठान्याची मानसं, तुमाला आमचे मानपाड्याचे उंदीर ठाऊक नाय. मागचे शिमग्याला सा उंदरांनी मिलून आमचा वरवंटा नेलेला. तीन दिसांनी हौसाबायचे परसात गावला. आमचे बोक्यानं अशी हाय खाल्ली, तो घाबरून विठ्ठलवाडीला राहायला गेला.

डॉक्टर: म्हणजे उंदरांनी हा टोप खुंटीवरून उतरवला, कणगीच्या तळाशी नेला, आणि वरून दीड मण भात सारखा केला.

आवडाबाई: सवय असते त्यांना.

तुळसा: नि खुंटीला फेटा अडकवून ठेवला. तोही उंदरांनीच.

डॉक्टर: फेटा?

तुळसा: तांबडा. अजून कापराचा वास येतोय.

डॉक्टर: असं. ...आत काहीतरी हलतंय. मी बघून येतो. पेज निवू द्या. आणि भांडायचं असलं तर कुजबुजत भांडा, माझा पेशंट दोघींचा आहे.

(डॉक्टर पडदा सारून आत जातात. बाकाच्या एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून, मधे टोप.)

आवडाबाई: कवा गावला?

तुळसा: काल दिवेलागणीला. कणगीच्या खालच्या तोंडातून भात काढायला पायली घातली, तर खण्ण वाजलं.

आवडाबाई: हौसाबाय व्हती?

तुळसा: दारातच होती. विचारलं तिनं, काय गो वाजलं? मी बोलले, पायली हातातून पडली.

आवडाबाई: सांगला का नाय तिला?

तुळसा: कशाला सांगू?

आवडाबाई: मी सांगला असता. तुजे जागी मी असती तर देवलाचे पायरीवर उभी राहून सांगला असता, की बघा, माजे सासूनं काय केला.

तुळसा: ठाऊक आहे मला.

आवडाबाई: ठाऊक हाय, बोलते.

तुळसा: का हो आत्या? एवढा डोळ्यांत सलत होता, तर विहिरीत टाकायचा. कणगीत कशाला ठेवला?

आवडाबाई: विहिरीत टाकला तर परत कसा काढू? मना काय तो कायमचा घालवायचा नव्हता. एकच दिस. एक दिस त्यानं बापसाचा फेटा बांधून जावा. खुंटीवर फेटा दिसंल, नि मना हाक मारंल, 'आये, बांध गो.' त्याला कुठं बांधता येतो? लग्नात मीच बांधलेला ना, बाशिंगाचे आधी? तू पाटावर बसून बघत व्हतीस.

तुळसा: हां, बघत होते. मान दुखेपर्यंत बांधलेला.

आवडाबाई: मी न्हानीचे मागं उभी व्हती. हात धुवून, पुसून. हाक आली की लगेच जायला.

तुळसा: मग?

आवडाबाई: मग काय! 'तुलसे, टोप कुठं?' बोलला. तू विहिरीवर गेलेली. दुसरी हाक मारली, ती पन तुजीच. तिसरी पन 'तुलसे'. मी बोलली, असू दे, तीन तिच्या, चवथी माजी असंल. चवथी त्याचे गारीनं मारली. फट फट फट. शीलचे रस्त्याला लागला पन.

तुळसा: तुम्ही पुढं यायचं होतं.

आवडाबाई: न बोलवता?

तुळसा: पोर आहे तुमचा.

आवडाबाई: म्हनून तर. परक्याकडं गेली असती मी न बोलवता.

तुळसा: ...आत्या, एक सांगू? पट्टा बांधता येतो त्यांना. पहिल्या दिवसापासून येतो.

आवडाबाई: काय बोलतेस?

तुळसा: मीच बोललेले, तुम्हांला येत नाय, सैल बांधता, सरका इकडं. तुम्ही तांब्या घेऊन उभ्या होतात. घटाघटा पाणी प्यायचे ते तुमच्या हातचं, डोळे मिटून. मी बघायचे रोज. माझ्या हातचं काय गोड लागतं त्यांना? भाजी खाल्ली तरी बोलतात, आयेसारखी झालेय.

आवडाबाई: तसा बोलतो?

तुळसा: रोज.

आवडाबाई: मना कधी नाय सांगला. ...पन तू काय माजा तांब्या नाय लपवलास.

तुळसा: होळीच्या आधी आठ दिवस तांब्या गावत नव्हता, आठवतं?

आवडाबाई: तो उंदरांनी नेलेला! माल्यावर गावला!

तुळसा: हां. उंदरांनीच.

आवडाबाई: ...तू!

डॉक्टर: कुजबुजत म्हटलं होतं मी. चला, चांगली बातमी आहे. पोरगा नीट जागा झालाय. मला ओळखलं नाही, पण ते बरोबरच आहे, आधी कधी भेटला नव्हता.

आवडाबाई: पयला काय बोलला? डोला उघरल्यावर पयला सबुद?

डॉक्टर: पहिलं विचारलं, 'टोप कुठं गेला?'

आवडाबाई: माजा नाव?

डॉक्टर: नाही.

आवडाबाई: हिचा?

डॉक्टर: यांचं दुसऱ्या वाक्यात आलं. ते काही फार बरं नव्हतं. तुळसाबाई, डोक्याला मार लागलेला माणूस आहे, मनाला लावून घेऊ नका.

तुळसा: काय बोलले?

डॉक्टर: म्हणतो, तीन हाका मारल्या, एकीला ओ नाही. खुंटीवरच्या टोपाला तिच्याशिवाय कोणी हात लावत नाही, तिनंच कुठं तरी टाकला. बरा झालो की बापाकडं पोचवतो विठ्ठलवाडीला, तो टोप डोक्यावर घालून. असं आणि बरंच. उठून बसायला बघतोय, आणि ते मला आज चालणार नाही. त्याला काहीतरी उत्तर देऊन निजवलं पाहिजे. काय सांगू?

आवडाबाई: उंदीर सांगा.

डॉक्टर: आवडाबाई, मी वीस वर्षं डॉक्टरकी करतोय.

तुळसा: मी घेतलेला सांगा.

डॉक्टर: तुम्ही?

तुळसा: चिंचेनं घासायला घेतला, पाठच्या दारी उन्हात ठेवला नि विसरले. मग पाण्याला गेले.

डॉक्टर: आणि कणगी?

तुळसा: कणगीचं नाव काढू नका.

आवडाबाई: तुलसे...

तुळसा: असू दे, आत्या. मला चार शिव्या देतील. पोचवलं बापाकडं तर पोचवलं. महिनाभरानं राग उतरेल, येतील न्यायला. तुम्हांला कुठं पोचवणार ते? तुमच्याशी नुसते बोलायचे बंद होतील, नि तुम्ही त्यानं मराल.

डॉक्टर: हे तुम्ही फार चांगलं करताय, तुळसाबाई. मोठं मन लागतं. मग तसंच सांगतो मी आत—

आवडाबाई: थांबा डागतर. पडद्याला हात लावू नका. काय बोलला तुमी?

डॉक्टर: कधी?

आवडाबाई: आताच. 'मोठं मन.' ...तुलसे, तू हे कोनाला सांगनार नाय ना?

तुळसा: देवाशपथ नाय.

आवडाबाई: भांडताना पन?

तुळसा: भांडताना पन नाय.

आवडाबाई: मी तुजे बापसाचे बटाट्यांचा उद्धार केला, तरी?

तुळसा: तरी नाय.

आवडाबाई: बघा! बघितला? मेली मी! ही आता चूल फुंकनार न बोलता, पानी आननार न बोलता, माजे पाय चेपनार, ते पन न बोलता. आनि मी मरंपर्यंत रोज सकाली उठून हिचा चांगला तोंड बघनार. त्यापेक्षा हौसाबायला सांग गो, ती चार गावांत फिरवंल, दोन म्हयन्यांत सगले विसरतील. तुजे पोटात राहिला तर ते सरायचा नाय.

तुळसा: मी तसं मनात धरून नाय बोलले, आत्या.

आवडाबाई: धरून बोलली असतीस तर मना झोप लागली असती!

डॉक्टर: आवडाबाई, तो आत उठायला बघतोय. मी काय सांगायचं ते ठरवा.

आवडाबाई: काय ठरवायचा? टोप हिचे माहेरचा. पट्टा हिनं शिवलेला. पयली हाक हिची, दुसरी हिची, तिसरी पन हिचीच. आनि आता त्याचा राग आला, तो पन हिनंच घ्यायचा? तो नाय देनार मी. टोप मी लपवला. माजे हातानं, भात उपसून, कंबर मोरेपर्यंत. माजे पोराचे डोक्याला चवदा टाके परले ते माजेमुले. त्यातला एक पन टाका हिचा नाय.

डॉक्टर: ...मग हे मी त्याला सांगू?

आवडाबाई: तुमी कोन सांगनार? मी सांगतंय जाऊन.

डॉक्टर: चिडेल तो. फार चिडेल.

आवडाबाई: चिडू दे. माजेवर चिडंल ना? मना बोलंल ना? आये, तू असा का केलास, बोलंल. बोलू दे.

तुळसा: आत्या, हळूहळू सांगा. एकदम कणगीपासून नका सुरू करू.

आवडाबाई: तू नको शिकवू.

डॉक्टर: जा मग. त्याला उठू द्यायचं नाही, आणि तुम्ही रडायचं नाही. पाच मिनिटं. पडदा त्या बाजूनं उघडतो.

तुळसा: जा तुम्ही. मी बसते हितं पेज धरून.

डॉक्टर: काय झालं? का थांबलात?

आवडाबाई: कनगीपासून नाय, तर मग कुठून सुरू करू गो?

तुळसा: बसता जरा? पाणी देऊ?

आवडाबाई: नको. ...तुलसे.

तुळसा: काय?

आवडाबाई: तू पन चल. माजे पाठी नुसती उभी राहा.

तुळसा: आले. पदर सावरा, चला.

आवडाबाई: पन बोलनार मी.